पहिले २८ दिवस: कोंबडीच्या पिल्लांना ऊब कशी द्यायची

खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात फिरते तेव्हा नीट बघा. पिल्लं दिवसभर तिच्या पंखाखाली बसून राहत नाहीत. बाहेर येतात, उकिरडा टोकरतात, चार दाणे टिपतात, अंग गार पडलं की पळत येऊन पंखाखाली शिरतात आणि ऊब मिळाली की पुन्हा बाहेर. ब्रूडर म्हणजे हीच सोय आपल्या हातानं करणं. मध्ये एक उबदार जागा, भोवती तिच्यापेक्षा गार जागा, आणि दोन्हींत ये-जा करायची मोकळीक. पहिल्यांदा पिल्लं आणणारे बहुतेक जण अख्खी खोली तापवायच्या मागे लागतात. सगळीकडे सारखीच उष्णता झाली की उकडलेल्या पिल्लाला पळायला जागाच उरत नाही.

नुकत्या फुटलेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असतं. पिल्लाला ते स्वतःच्या बळावर टिकवता येत नाही, पहिल्या आठवड्यात तर मुळीच नाही. गार पडलेलं पिल्लू दाण्याकडे जात नाही आणि खात नाही म्हणून आणखी गार पडतं. तरी ते लगेच मरत नाही, कारण अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा पोटात असतो आणि तो दोन-तीन दिवस पुरतो. मर सुरू होते चौथ्या-पाचव्या दिवशी. मालक त्या दिवशी औषधाच्या दुकानात धावतो, पण चूक झालेली असते पहिल्या रात्री.

इथे १०० पिल्लांचा हिशेब धरला आहे, जात गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया (या परसातल्या सुधारित जाती) किंवा गावरान. मांसासाठी वाढवायच्या ब्रॉयलरची वाढ आणि खाणं वेगळं, त्याचा हिशेब वेगळा.

जागा

गोठ्याशेजारची रिकामी खोली किंवा शेडचा एक कोपरा चालतो. जमीन कोरडी हवी आणि भिंतीत बीळ नको. घूस आणि उंदीर एका रात्रीत दहा-वीस पिल्लं ओढून नेतात. मांजर, मुंगूस आणि साप वेगळेच. बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटनं बुजवा, खिडकीला अर्धा इंची जाळी मारा. कोंबडीची जाळी म्हणून मिळणारी मोठ्या घरांची जाळी उंदराला अडवत नाही.

आधीची कुक्कुट बॅच त्याच खोलीत असेल तर जुनी गादी (जमिनीवर अंथरलेला तुसाचा किंवा भुशाचा थर) पूर्ण काढा, जमीन घासून धुवा, सुकू द्या, चुना मारा आणि किमान आठ-दहा दिवस खोली रिकामी ठेवा. कृष्णा-वारणेच्या काठाला, पलूस, वाळवा, मिरजेच्या पूरपट्ट्यात, पावसाळ्यात जमिनीतून ओल वर येते. तिथे गादीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा किंवा विटांच्या थरावर फळ्या टाकून जमीनच उचला.

खिडक्यांना पोत्याचे पडदे लावा, पण खालून पक्के आणि वरून उघडणारे. वर वीतभर फट दिवसरात्र मोकळी हवी. गरम, ओलसर, उग्र हवा वरून निघून जाते आणि वारा थेट पिल्लांच्या अंगावर येत नाही. थंडीच्या भीतीनं खोली चारी बाजूंनी बंद केली की आत विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू साठतो. पिल्लाच्या उंचीला वाकून श्वास घ्या. तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर पिल्लं त्या हवेत २४ तास आहेत.

गार्ड आणि गादी

पिल्लं उबेपासून लांब भरकटू नयेत आणि कोपऱ्यात साचून एकमेकांखाली चिरडू नयेत म्हणून गोल कुंपण लागतं. त्याला सगळे चिक गार्डच म्हणतात. दीड फूट उंचीचा साधा पत्रा घ्या. थंडीत पत्रा उत्तम, कडक उन्हाळ्यात जाळी किंवा बांबूची चटई बरी. लांबी २६ फूट घ्या. पहिल्या चार दिवसांत टोकं एकमेकांवर सरकवून सहा फूट व्यासाचा गोल करा, त्याला साधारण १९ फूट पत्रा लागतो. नंतर पत्रा सैल करत आठवडाभरात गोल आठ फुटांपर्यंत न्या. म्हणजे पिल्लामागे अर्धा चौरस फूट जागा होते. पत्र्याची कड आतल्या बाजूला कापरी राहू देऊ नका, जोडाला कपड्याचे चिमटे किंवा तार लावा.

गादीला भाताचं तूस सगळ्यात चांगलं. पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या भातगिरणीत ते सहज मिळतं. चार पोती आणा आणि दोन ते तीन इंचांचा थर द्या. लाकडाचा भुसा चालतो, पण पिठासारखा बारीक नको. पिल्लं तो दाणा समजून खातात. भुईमुगाची टरफलं पूर्ण वाळलेली, बुरशी नसलेली असतील तरच घ्या. उसाचं चिपाड फुकट मिळतं म्हणून अनेकजण आणतात, पण ते ओल धरतं आणि त्यावर बुरशी येते. त्या बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात गेले की धाप लागते, चोच उघडी टाकून पिल्लू श्वास घेतं आणि त्यावर पुढे फारसा इलाज नाही.

तुसावर पहिले तीन-चार दिवस कागद अंथरा, म्हणजे पिल्लं दाण्याऐवजी तूस खात नाहीत. गुळगुळीत वर्तमानपत्र एकट्यानं वापरू नका. त्यावर पाय घसरतात, दोन्ही पाय बाजूला फाकतात आणि ते पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं. खरखरीत तपकिरी कागद किंवा खोक्याचा नालीदार पुठ्ठा वरचा कागद सोलून, नाल्या वर येतील असा अंथरा.

बल्ब

हिशेब असा: उन्हाळ्यात पिल्लामागे १ वॅट, थंडीत २ वॅट. १०० पिल्लांना थंडीत २०० वॅट. २०० चा एक बल्ब न लावता १०० चे दोन लावा. रात्री दोनला एक उडाला तर दुसरा तरी चालू राहतो. जुने तारेचे, पिवळ्या उजेडाचे बल्बच हवेत. दुकानदार एलईडी देईल. त्याला उजेड आहे, ऊब नाही. इन्फ्रारेड बल्ब मिळाला तर तो आणखी चांगला, कारण त्याची ऊब हवेपेक्षा थेट पिल्लाच्या अंगाला लागते, पण तो फुटू नये म्हणून भोवती तारेची जाळी लागतेच. दोन १०० चे बल्ब दिवसभर जळले तर रोज ४.८ युनिट वीज लागते, हा खर्च आधीच धरा.

होल्डर चिनी मातीचा घ्या. प्लॅस्टिकचा होल्डर सतत तापला की मऊ पडतो, बल्ब तुसात पडतो आणि शेड पेटतं. बल्ब वायरला लोंबकळत ठेवू नका. छताला साखळी किंवा जाड तार बांधा आणि बल्ब तिला अडकवा, म्हणजे एकेक कडी वर घेत उंचीही बदलता येते. बल्बवर छत्री म्हणून पत्र्याचं जुनं घमेलं उलटं टांगा. तळाला भोक पाडून होल्डर बसवला की ऊब वर न जाता खाली पसरते. भोकाची कड वायरला कापणार नाही याची काळजी घ्या, तिथे रबराची रिंग बसवा. बांबूचं डालगं किंवा पुठ्ठ्याचं खोकं बल्बवर पालथं घालू नका. आग लागते.

सुरुवातीला बल्बचं टोक गादीपासून १२ ते १५ इंच वर ठेवा, इन्फ्रारेड १८ इंच.

तापमान

थर्मामीटर भिंतीला अडकवून उपयोग नाही. घमेल्याच्या कडेच्या बाहेर, गादीपासून दोन इंच वर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला तो टांगा. नेमका बल्बखाली ठेवला तर आकडा फसवतो.

पहिला आठवडा: ३५ अंश सेल्सिअस (९५ फॅरनहाइट)
दुसरा: ३२ अंश (९०)
तिसरा: २९ ते ३० अंश (८५)
चौथा: २६ ते २७ अंश (८०)

हे कमी करायचं ते बल्ब दर आठवड्याला दोन-तीन इंच वर घेऊन, किंवा १०० च्या जागी ६० चा लावून. एका रात्रीत पाच अंश उतरवू नका.

हे आकडे उबेच्या कडेचे आहेत. गार्डच्या पत्र्याजवळ चार-पाच अंश कमी असायलाच हवेत, तेवढाच फरक पिल्लांना निवड देतो.

पिल्लं येण्याआधी आणि आल्यावर

थंडीत २४ तास आधी बल्ब चालू करा, उन्हाळ्यात १२ तास. हवा लवकर तापते, गादी तापायला वेळ लागतो, आणि पिल्लू बसतं ते गादीवर. तळहात तुसात खुपसून बघा. गार लागला तर अजून तापू द्या.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून असोत किंवा खासगी हॅचरीतून, पिल्लं शंभराच्या खोक्यात येतात, आत पंचवीसचे चार कप्पे. मोटारसायकलवर खोकं आणताना वाऱ्याच्या बाजूनं पोतं बांधा, पण भोकं बुजवू नका. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्रीच आणा. मॅरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लस हॅचरीत दिली का, एवढं विचारून घ्या.

चार पाण्याची भांडी, एक-एक लिटरची, आधीच भरून ठेवा. पाणी कोमट, खोलीच्या तापमानाचं. बल्बखाली नको, बल्बच्या आणि पत्र्याच्या मधल्या पट्ट्यात. प्रवासातून आलेल्या पिल्लांना लिटरला ५० ग्रॅम गूळ विरघळवून, गाळून द्या. हे पहिले सहा-आठ तासच. नंतर भांडी धुऊन साधं पाणी. गुळाचं पाणी उबेत आंबतं आणि पिल्लांना हगवण लागते. उघडी ताटली वापरत असाल तर तीत खडे टाका, नाहीतर पिल्लं भिजतात, आणि भिजलेलं पिल्लू ३५ अंशातही गारठतं.

पिल्लं खोक्यातून ओतू नका. एकेक उचला, मोजा, चोच पाण्यात टेकवा आणि बल्बच्या कडेला सोडा. शंभर पिल्लांना अर्धा तास लागतो, पण त्या अर्ध्या तासात प्रत्येक पिल्लाला पाणी कळतं आणि बेंबी ओली असलेली, लंगडी, डोळे मिटलेली पिल्लंही तुमच्या नजरेखालून जातात. ती वेगळ्या खोक्यात, जास्त उबेत ठेवा.

तासा-दोन तासांनी, सगळी पाणी प्यायल्यावर, कागदावर मक्याचा भरडा पसरा. रव्यापेक्षा थोडा जाड. मुठी मुठीनं, दिवसातून सात-आठ वेळा. दाणे कागदावर पडताना होणारा आवाज पिल्लांना ओढून आणतो. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) सुरू करा, चौथ्या दिवशी कागद काढून खाद्याची पसरट भांडी द्या. गावरान पद्धतीच्या १०० पिल्लांना चार आठवड्यांत स्टार्टरचं ५० किलोचं किमान एक पोतं लागतं. दाण्याच्या साधारण दुप्पट पाणी धरा. पहिले तीन दिवस उजेड रात्रभर हवाच. ऊब बल्बचीच असल्यानं तो आपोआप मिळतो.

पिल्लू हातात घेऊन बघा

रात्री नऊच्या सुमाराला दहा-बारा पिल्लं वेगवेगळ्या जागांवरून उचला. आधी पाय तुमच्या गालाला लावा. तळहात कामामुळे राठ असतो, त्याला फरक कळत नाही, गालाला कळतो. पाय गार लागले तर थर्मामीटर काहीही म्हणो, ऊब कमी आहे. मग अंगठा आणि बोटानं गळ्याच्या खाली, छातीच्या वर असलेली दाण्याची पिशवी हलकेच चाचपा. मऊ, भिजवलेल्या पिठाच्या गोळीसारखी लागली तर पिल्लानं खाल्लंय आणि प्यायलंय. खड्यासारखी कडक लागली तर दाणा मिळाला, पाणी नाही. पाण्याच्या पिशवीसारखी डुगडुगली तर नुसतं पाणी. रिकामी असेल तर त्या पिल्लाला अजून काहीच सापडलेलं नाही. आल्यापासून २४ तासांत शंभरातल्या पंच्याण्णवांची पिशवी भरलेली असायला हवी. नसेल तर औषधाआधी तापमान, भांड्यांची जागा आणि उजेड बघा.

एरवी थर्मामीटरपेक्षा पिल्लांच्या बसण्यावर जास्त भरवसा ठेवा. सगळी बल्बखाली एकावर एक चढून टिवटिवाट करत असतील तर गारठली आहेत. बल्बपासून लांब, पत्र्याला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर समोरून झोत येतोय. तिकडचा पडदा, दाराखालची फट शोधा. ऊब बरोबर असेल तेव्हा पिल्लं गोलभर विखुरलेली दिसतात: काही खातायत, काही पितायत, काही मान लांब टाकून कुशीवर झोपलीयत. नवख्या माणसाला ती झोपलेली पिल्लं मेलेली वाटतात. आवाजही तसाच, मंद कुजबुजीसारखा.

खरी परीक्षा पहाटे तीन ते साडेपाच. संध्याकाळी सगळं ठीक दिसतं आणि पारा त्या वेळेला उतरतो. पहिल्या पाच रात्री गजर लावून उठा.

वीज गेली तर

हा प्रश्न येणारच, म्हणून तयारी आधी करा. १५० एएचची नवी बॅटरी असलेल्या इन्व्हर्टरवर २०० वॅटचे बल्ब पाच-एक तास चालतात, जुनी असेल तर निम्मेच. एकच बल्ब चालू ठेवला तर वेळ दुप्पट होतो.

इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची सोय सगळ्यात सुरक्षित. दोन-दोन लिटरच्या आठ-दहा बाटल्या कडकडीत गरम पाण्यानं भरा (बाटली आक्रसत असेल तर पाणी किंचित निववून), जुन्या कापडात गुंडाळा आणि गोलाच्या मध्ये आडव्या ठेवा. पिल्लं आपणहून येऊन टेकतात. गोल लहान करा, वर पोतं टाका, पण एका बाजूला हातभर उघडं ठेवा. दर दोन तासांनी पाणी बदला.

कोळशाची शेगडी बरेचजण वापरतात. वापरायचीच तर बाहेर पेटवा, धूर पूर्ण थांबून निखाऱ्यावर राख धरली की मगच आत आणा, भोवती जाळी लावा आणि वरची फट उघडीच ठेवा. धूर नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही. बंद खोलीत पिल्लं झोपल्यासारखी मरतात आणि राखणीला तिथेच झोपलेला माणूसही मरू शकतो. शेगडी असलेल्या खोलीत झोपू नका.

हवा बघून बदल

माण-खटावला डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन चटकतं आणि रात्री थंडी बोचते. तिथे दुपारी एक बल्ब बंद, रात्री दोन्ही, असं दोनदा बदलावं लागतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळला मे महिन्यात दुपारी हवाच ४० च्या आसपास जाते. तेव्हा दिवसा बल्ब बंद, पडदे खाली उतरवून खिडक्या मोकळ्या, छताच्या पत्र्यावर उसाचं पाचट अंथरून पाणी शिंपडा आणि पाण्याची भांडी दुप्पट करा. रात्री मात्र पहिल्या आठवड्यात बल्ब लागतो. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या पावसात थंडीपेक्षा ओल घातक. गादी रोज हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस लगेच काढून कोरडं टाका. मुठीत दाबल्यावर तुसाचा गोळा झाला तर ओल जास्त आहे, मूठ उघडताच सांडलं तर ठीक.

काय बिघडतं

मागच्या बाजूला विष्ठा चिकटून भोक बंद होणं हे सगळ्यात नेहमीचं. कारण बहुधा ऊब कमी-जास्त झाल्याचं किंवा पाणी उशिरा मिळाल्याचं. ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मऊ करून पुसा, कोरडं करा आणि मगच सोडा.

तीन आठवड्यांनंतर रक्ताळ विष्ठा दिसली तर रक्ती हगवण समजा. ओली गादी तिचं घर असतं. त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. लसी अशा: मानमोडीसाठी लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास. लस बर्फात आणा आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा.

पिल्लं एकमेकांना टोचू लागली तर जागा अपुरी, उजेड प्रखर किंवा ऊब जास्त. चोच कापायच्या विचाराआधी गोल मोठा करा.

ऊब तोडताना

तिसऱ्या आठवड्यात पाठीवर पिसं दिसू लागतात. तेव्हा आधी दिवसाची ऊब काढा, रात्रीची ठेवा. चौथ्या आठवड्यात रात्रीचा एक बल्ब कमी करा. पाठ आणि छाती पिसांनी झाकली गेली असेल आणि रात्री पिल्लं बल्बपासून लांब झोपत असतील तर ऊब बंद करायला हरकत नाही. थंडीत याला पाच आठवडेही लागतात. वळीव येण्याची चिन्हं असतील, किंवा लस देऊन दोनच दिवस झाले असतील, तर थांबा.

गार्ड काढल्यावरच्या पहिल्या तीन-चार रात्री जपायच्या. ऊब गेलेली पिल्लं सवयीनं एकमेकांना बिलगतात आणि खोलीच्या कोपऱ्यात ढीग करतात, खालची गुदमरतात. चारही कोपऱ्यांत तुसाची भरलेली पोती उभी करून किंवा पत्रा वाकवून कोपरे गोल करा आणि एक लहान दिवा रात्रभर चालू ठेवा. अंधार पडल्यावर एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा आत जा, ढीग झाला असेल तर दोन्ही हातांनी हलकेच मोकळा करा.